पंधराव्या शतकातला एक बिघा : प्रकल्प नोंदी

१२ मे २०२४

आमच्या मंडळाची बैठक आबांच्या वस्तीवर झाली. ठरलं ते असं. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातला एक तुकडा घ्यायचा, तेव्हाच्या पद्धतीनं एक रब्बी हंगाम करायचा आणि साल धरायचं १४६० ते १४७० च्या दरम्यानचं. म्हणजे बहमनी राज्य, राजधानी बीदर आणि दामाजीपंतांनी दुष्काळात लोकांना खुल्या केलेल्या, गावोगावच्या कीर्तनांत अजून ऐकू येणाऱ्या सरकारी कोठाराचं शतक. शाळेच्या जुन्या खोलीत पुढं जे दालन लावायचंय, त्यात विकत आणलेली चित्रं टांगायची नाहीत. आपण वापरलेलं आणि पिकवलेलंच तिथं ठेवायचं.

एवढं नेमकं साल कशाला, हे नानांनी विचारलंच. पहिलं कारण पिकांचं. वास्को द गामा कालिकतला पोचला १४९८ साली. त्याच्या आधीचं साल धरलं की मिरची, मका, भुईमूग, बटाटा, टोमॅटो, सूर्यफूल, तंबाखू सगळं एका फटक्यात यादीतून जातं, वाद उरत नाही. सोयाबीन तर आमच्या डोळ्यांदेखत आलेलं.

दुसरं कारण अफानासी निकितिन. त्वेरचा हा रशियन व्यापारी १४७० च्या आसपास चौलला उतरला आणि जुन्नरमार्गे बीदरला गेला. बरोबर विकायला एक घोडा होता. इथले उमराव ऐषारामात आणि खेड्यातली माणसं हलाखीत, असं त्यानं लिहून ठेवलंय. घोड्यांच्या खुराकाचीही नोंद आहे : कडधान्य, शिवाय साखर आणि तेल घालून शिजवलेली खिचडी. आमचा प्रश्न त्या खिचडीच्या दुसऱ्या टोकाचा आहे. ज्यानं धान्य पिकवलं त्याच्या घरात किती राहिलं? वर्षभर हाच प्रश्न समोर ठेवायचा. बाकी गंमत आपोआप होईल.

१९ मे

मापाचा दिवस. महमूद गावान बीदरचा वजीर असताना जमीन मोजून सारा ठरवण्याची सुरुवात झाली, म्हणजे आपल्या काळाला मोजणी शोभते. पण हातात धरता येईल असं स्वच्छ लिहिलेलं माप मिळतं ते दोनशे वर्षांनंतरचं, शिवकाळातलं, सभासदाच्या बखरीत : पाच हात आणि पाच मुठी मिळून एक काठी, वीस काठ्या औरसचौरस म्हणजे एक बिघा, एकशे वीस बिघ्यांचा एक चावर. तेच उसनं घेतलं, आणि दालनातल्या पाटीवर तसं लिहायचं.

लगेच भांडण : हात कुणाचा? आबांचा हात घेतला तर बिघा फुगतो, माझा घेतला तर आक्रसतो. बखरीतच त्याचं उत्तर आहे. हात चौदा तसूंचा (तसू म्हणजे लांबीचं जुनं लहान माप) आणि अख्खी काठी ब्यायशी तसूंची, म्हणजे मूठ कुणाचीही असो, काठी एकच. आम्ही हात दीड फुटाचा धरला. काठी आली जवळजवळ पावणेनऊ फूट आणि बिघा साधारण २८ गुंठे. बांबू तोडून, दोन्ही टोकं लोखंडी पट्टीनं बांधून काठी तयार केली. दोरी भिजली की आखडते, माणसानं ताणली की वाढते. काठीशी असली लबाडी करता येत नाही. ज्यानं कुणी दोरी टाकून काठी आणायचं ठरवलं, त्याला शेतकरी आणि कारकून दोघंही चांगले ओळखीचे असणार.

चार कोपऱ्यांना दगड रोवले.

२६ मे

नांगरट. सुतारमामांनी बाभळीचा नांगर जुन्या घडणीनं बनवून दिला. हळीस लांब आणि जड, रुमणं हाताच्या उंचीला, लोखंड एवढंच की पुढचा फाळ. फाळ लोहाराकडून पाजवून आणला. एका खिलार जोडीनं सुरुवात केली. चार पावलांत बैल थांबले, फाळ वर आला आणि ढेकूळ जागचं हललं नाही. उन्हाळ्यातली काळी जमीन म्हणजे काय ते तेव्हा कळलं.

आबा बांधावर बसून बघत होते. म्हणाले, ‘‘आवं सर, नांगराला मानूस लागत न्हाय, बैल लागत्यात. मानूस नुसता नांगर पडू नये म्हनून मागं.’’

मग इर्जिक घातलं. शेजारच्या वस्त्यांवरून जोड्या आल्या, एकामागं एक चार जोड्या जुंपल्या, तेव्हा कुठं तास, म्हणजे नांगराची ओळ, पडलं. मजुरी नाही. संध्याकाळी सगळ्यांना जेवण आणि उद्या त्यांच्या रानात आपण. ट्रॅक्टर आल्यावर हे इथं बंदच पडलं होतं, पण म्हाताऱ्यांना सगळं पाठ. कुणाचा बैल पुढं, कुणाचा मागं, कुठला डावीकडचा, यावरून सकाळचा अर्धा वेळ गेला. असं जड नांगरणं दरवर्षी होतच नसे. काही वर्षांनी एकदा नांगर, मधली वर्षं कुळवावर भागवायचं.

त्यामुळं त्या काळच्या शेतकऱ्याची खरी दौलत कोणती, याचं उत्तर पहिल्याच महिन्यात मिळालं. जमीन पडून असायची, माणसं असायची, बैल नसायचे. १६७६ साली शिवाजी महाराजांनी प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला पाठवलेल्या पत्रात नेमकं हेच आहे : शेत करायची कुवत आहे पण बैल आणि दाणे नाहीत, अशा माणसाला बैलांसाठी पैसे द्यावेत, पोटाला धान्य द्यावं आणि ते वाढीदिढी, म्हणजे व्याज, न लावता मुद्दलच हळूहळू परत घ्यावं. मुलूख कोकणातला, काळ दोनशे वर्षं पुढचा, अडचण तीच.

१६ जून

मृग बरसला. खरिपाला या तुकड्यात काही घेत नाही. भारी काळी जमीन पावसाळाभर मोकळी ठेवून ओल साठवायची आणि शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, पेरायचा, ही इथली जुनी रीत. शेजाऱ्यांना वाटतं आम्ही पीक बुडवलं.

१४ जुलै

वाफसा आला की कुळवाची पाळी, पाऊस पडला की थांबा, तण उगवलं की पुन्हा पाळी. हराळी मात्र कुळवाला जुमानत नाही. ती हातानंच काढावी लागते. तणनाशक नाही म्हटल्यावर पावसाळ्यातलं निम्मं काम खाली वाकून आहे.

२८ जुलै

पावसानं रानात पाय ठेवता येईना, म्हणून दालनातल्या गावाच्या आराखड्याला हात घातला. वर पांढरी, म्हणजे घरांची जागा, भोवती गावकूस, बाहेर काळी. गावकुसाच्या आत कोण आणि बाहेर कोण, हे आराखड्यात दाखवायचं की नाही यावर बैठक तापली. एकाचं म्हणणं, मुलं बघायला येणार आहेत, कशाला तो विषय.

मंगळवेढ्यात बसून तो विषय टाळता येत नाही. चोखोबा इथलेच. परंपरा सांगते की १३३८ साली इथल्याच गावकुसाचं काम चाललं असताना ते कोसळलं आणि त्याखाली चोखोबा आणि बरोबरचे मजूर गेले. त्यांची समाधी पंढरपूरला, नामदेव पायरीपाशी. ज्या भिंतीच्या आत राहायची मुभा नाही, ती उभारायला मात्र हेच लोक. वेठ म्हणजे मजुरीशिवायचं काम, आणि ते शेताच्या कामांच्या दिवसांतच अंगावर यायचं.

आमच्यातला एक तरुण, ज्याची आजी बलुतं, म्हणजे गावकामाच्या मोबदल्यातलं धान्य, मागायला खळ्यावर जायची, तो म्हणाला, ‘‘आराखड्यात महारवाडा दाखवा, पण नुसता रंग भरून सोडू नका. तिथनं कोणकोणती कामं निघायची ते लिहा.’’ मग त्यानंच ती यादी केली : गावाची राखण, सरकारी टपाल पोचवणं, आलेल्या अंमलदाराचं सामान वाहणं, शिवेच्या भांडणात साक्ष, मेलेली जनावरं ओढणं, लाकूडफाटा पुरवणं. आराखड्याच्या शेजारी ती यादी तशीच लागेल.

२ सप्टेंबर

पोळा. बैलांचे खांदे मळले, हळद-तूप लावलं, शिंगं रंगवली. औताला सुट्टी.

२९ सप्टेंबर

पेरणी. हस्त लागला, चांगला पडला आणि मग उघडीप मिळाली. आबांनी ढेकूळ उचलून मुठीत दाबलं, छातीच्या उंचीवरून खाली सोडलं. फुटलं. म्हणाले, चला.

बियाण्याचा प्रश्न आधीच सोडवून ठेवला होता. इथं सगळीकडं मालदांडीच दिसते, पण ‘एम ३५-१’ म्हणून जी पेरली जाते ती मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली, विसाव्या शतकातली. म्हणून जुन्या वाणांमागं हिंडलो. दगडी जोंधळा मिळाला आणि हुरड्यासाठी थोडी गुळभेंडी. हे वाण पंधराव्या शतकातलेच आहेत असा दावा नाही. शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या कणसं निवडून राखलेलं बी आहे, एवढं पुरे.

तिफण जुनी मिळाली, फण नवे बसवले. लाकडी चाडं, म्हणजे बी सोडायचं नरसाळं, त्याला खाली तीन भोकं, तिथून तीन नळे फणांच्या मागं जमिनीत. बैल चालले की तीन ओळी एकदम. पाहताना सोपं वाटतं. सगळी कला चाड्यावरच्या मुठीत आहे. मूठ किंचित सैल सोडायची, दाणे बोटांच्या फटीतून सारखे ओघळले पाहिजेत, तिन्ही भोकांत सारखे. घाई केली की दाट, विचारात पडलं की खंड. मी धरलेल्या ओळींत दोन्ही झालं. मग काकूंनी पदर खोचला आणि चाडं हातात घेतलं. डोळे बैलांकडं, तोंडानं शेजारणीशी लग्नाची बोलणी चालू, आणि मूठ घड्याळासारखी. तासाच्या टोकाला मूठ मिटायची, बैल वळायचे, पुन्हा उघडायची. तिच्या ओळींतली उगवण नंतर दालनाच्या फोटोसाठी निवडली.

दर काही ओळींनंतर करडईचा पाटा टाकला. करडई काटेरी, जनावर आत शिरत नाही, आणि तेल घरात येतं. बी लागलं अर्ध्या पायलीच्या (पायली म्हणजे धान्य मोजायचं जुनं माप) आतच. हा आकडा लक्षात ठेवायचा, मार्चमध्ये कामाला येईल.

१३ ऑक्टोबर

जेवणाची चाचणी. मिरचीशिवाय कालवण. मंडळातल्या निम्म्या लोकांनी आधीच कपाळाला हात लावला.

काय वापरायचं? मिरी कोकण-मलबारकडची. श्रीमंताच्या मुदपाकखान्यात ती सहज, कुणब्याच्या चुलीवर रोज कुठून असणार? मीठही कोकणातून बैलांच्या पाठीवर घाट चढून यायचं, म्हणून तेही हात राखून. उरलं लसूण, कांदा, आलं, चिंच, मोहरी, तीळ, कारळं, जवस. काकूंनी हुलग्याचं माडगं केलं, जवसाची चटणी लसणावर कुटली, भाकरी आणि आंबाडीची भाजी. माडगं तर लसूण-गुळानं असं काही झालं की वाढायला उरलं नाही. चटणी बाकी ओकीबोकी, जिभेला काही तरी राहिल्यासारखं वाटतं. सवयीचा भाग.

जेवताना एकानं बरोबर अडवलं : सावता माळ्यांच्या अभंगात कांदा, मुळा, लसूण आणि मिरचीही आहे की! आहे. सावतोबा आपल्याच जिल्ह्यातल्या अरणचे, समाधी १२९५ ची. मिरची तेव्हा समुद्रापलीकडं होती. अभंग तोंडोतोंडी आला, मळ्यात मिरची आली तशी ती अभंगातही आली असणार. त्यात सावतोबांचं काही कमी होत नाही. गाणाऱ्यानं आपल्या मळ्यात जे दिसलं ते त्यांच्या मळ्यात लावलं.

१० नोव्हेंबर

मोट : सोडून दिली. विहीर आहे, धाव आहे, थारोळ्याचा दगडही शाबूत आहे, पण चामड्याची मोट, नाडा, सोंदूर हे सगळं जमवून बैलांना मागं सरकत जायला शिकवणं या हंगामात शक्य नाही. दालनात थारोळ्याचा फोटो आणि रेखाटन.

२२ डिसेंबर

पीक निसवलं, दाणा भरू लागला आणि पाखरं आली. बांधावरच्या लिंबाला टेकून माळा उभा केला. आता सकाळ-संध्याकाळ माळ्यावर कुणीतरी लागतं. गोफणीत चिकणमातीचे वाळवलेले गोळे. दगड वापरला तर ताटं मोडतात, आणि पलीकडच्या रानात माणूस असतो. रात्री रानडुकरं. दोन रात्री राखणीला बसलेल्या मुलानं सकाळी विचारलं, ‘‘यात काम काय आहे? नुसतं जागायचं.’’ हेच ते काम. नांगरट-पेरणीची चित्रं सगळीकडं असतात. रात्रभर हाकारे घालत शेकोटीपाशी बसलेल्या पोराचं चित्र कुणी काढत नाही, आणि पीक घरात येतं ते त्याच्यामुळं.

गुळभेंडीचा हुरडा झाला. आगटी, गोवऱ्या, राखेतून काढलेलं कणीस हातावर चोळायचं. प्रकल्पाचा हिशेब ठेवणाऱ्यांनी खाल्लेल्या हुरड्याची नोंद करायला हवी होती. पोटात गेलेला हुरडाही उत्पन्नच, आणि त्या काळी सरकारला न दिसणारं हे एकच उत्पन्न असावं.

३० डिसेंबर

वेळ अमावस्या. रानात पूजा, आंबील, भज्जी, उंडे. भज्जीत मिरची पडली. काकूंनी सांगितलं, सणाला तुमचा इतिहास बाजूला ठेवा.

१६ फेब्रुवारी २०२५

काढणी. रब्बी ज्वारी विळ्यानं कापत नाहीत, मुळासकट उपटतात. जमीन भेगाळलेली असते म्हणून ती सुटते, पण तळहात सोलतात. पहिल्या दिवसानंतर मंडळातल्या शहरातल्या दोघांनी हातमोजे घातले. नियमाविरुद्ध, पण कुणी बोललं नाही. ताटालाच पीळ देऊन पेंढी बांधायची, पेंढ्या उभ्या करून वाळवायच्या, मग बायकांनी बसून कणसं मोडायची. कडब्याचं बुचाड वेगळं. कडबा हे दुय्यम पीक समजायचं नाही. मे महिन्यात चार जोड्या लागल्या होत्या, त्या जोड्या वर्षभर हेच खाणार. उंच ताटाचा जुना वाण शेतकरी सोडत नव्हता त्याचं कारण इथं उभं आहे. बुटका संकरित वाण माणसाचं पोट भरतो, बैलाचं नाही.

९ मार्च

खळं. जागा खरवडली, पाणी मारलं, बैल फिरवून चोपली, शेणानं सारवली, मध्ये तिवडा, म्हणजे खांब, रोवला. कणसं पसरली आणि तिवड्याभोवती बैलांची पात धरली. बैलांच्या तोंडाला मुसक्या. त्या लावताना आबा बैलाशी काहीतरी पुटपुटले, विचारलं तर हसले.

उफणणीला वारा हवा. सकाळी नव्हता, दुपारी नव्हता. संध्याकाळी सुटला. तिवईवर उभं राहून सूप डोक्याच्या वर धरायचं आणि हळूहळू कलतं करायचं. भूस पलीकडं, दाणा पायाशी. सुपाचा कोन जरा चुकला की दाणाही भुसाबरोबर.

१६ मार्च

वाटपाचा दिवस. सगळ्या वर्षाचं काम या सकाळसाठी होतं.

रास केली, पायली घेतली. मोजताना पहिल्या पायलीला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात, मग दोन, तीन. रास तीस पायल्यांची भरली. अर्ध्या पायलीच्या आत बी होतं हे आठवून मुलांनी टाळ्या वाजवल्या. साठपट! आबा गप्प बसून होते.

मग देणी सुरू केली. सरकारचा वाटा किती धरायचा यावर आधीच ठरलं होतं : शिवकाळातला पाच वाट्यांतले दोन सरकारला, तीन रयतेला, हाच धरायचा. तो प्रजेच्या बाजूचा मानला जातो, म्हणजे आमचा हिशेब वाईटातला वाईट नसेल, बऱ्यापैकी बरा असेल. तिसातल्या बारा पायल्या बाजूला गेल्या. ढीग एकदम बसका दिसायला लागला. टाळ्या वाजवणारी मुलं ढिगाजवळ सरकली.

नंतर बलुतं. सुतार, लोहार, चांभार, महार, मांग, कुंभार, न्हावी, परीट, गुरव... सुपानं आणि पेंढ्यांनी. नांगर त्यांचा, फाळ त्यांचा, मोटेचं कातडं त्यांचं, रात्रीची राखण त्यांची. बलुतं म्हणजे दानधर्म नव्हे, केलेल्या कामाचा हक्क. तरी घेणाऱ्याला खळ्याच्या कडेला उभं राहून मागावं लागायचं. आमच्या त्या तरुणानं या भागात भूमिका घ्यायला नकार दिला आणि तो बरोबर होता. त्यानं उभं राहून सगळ्यांना एवढंच सांगितलं की बाबासाहेबांनी महार वतनाविरुद्ध लढा का दिला, आणि कायद्यानं ही कनिष्ठ गाववतनं जायला १९५८ का उजाडलं. खळ्यावरचं हे बोलणं रेकॉर्ड केलंय, दालनात ऐकवायचं.

तीन पायल्या बलुत्याला. एक बियाण्याला, निम्मी पेरायची आणि निम्मी पुन्हा पेरायची वेळ आली तर. देवाचं, गोसाव्या-फकिराचं, पाखरांसाठी टाकलेलं मिळून आणखी एक. उरल्या तेरा.

तेरा पायल्या म्हणजे किती? काकूंचा हिशेब सरळ : राबणारं माणूस एक पायली पंधरवड्यात खातं. घरात पाच माणसं असली तर महिन्याला दहा. म्हणजे एका बिघ्यावर कुटुंबाचा सव्वा महिना. कुणी एका बिघ्यावर जगत नव्हतं, पण बिघे वाढले की बैल वाढले पाहिजेत, आणि बैल नसले तर शिवाजी महाराजांचं ते पत्र आठवायचं. वर अवर्षण. दुर्गादेवीचा दुष्काळ १३९६ ला सुरू झाला, तो पिढ्यांच्या आठवणीत राहिला. दामाजीपंतांची कथाही इथूनच सुरू होते : उपाशी माणसं, भरलेलं सरकारी कोठार आणि त्याची चावी असलेला एक माणूस. विठू महाराच्या रूपानं देव बीदरला पैसे भरायला गेला, हे कथेचं पुढचं अंग. पण कोठार भरलं कशानं, हे आज समोर पडलं होतं. त्या बारा पायल्यांनी.

२३ मार्च

पेव, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा. तेरातल्या काही पायल्या पेवात ठेवायच्या. काळ्या रानात पेव करत नाहीत. जमीन भेगाळते, ओल धरते. पांढरीतली मुरमाची, उंचावरची जागा निवडली. तोंड माणूस उतरेल एवढं अरुंद, आत पोट मोठं. आतून कडबा आणि भुसाचं अस्तर, तळाला जाड. धान्य भरलं, वर भूस, वर फरशी, फरशीवर माती आणि शेणकाला. तांड्यानं किंवा फौजेनं गावातून जाताना बाहेरून काही ओळखू नये, हाही त्यातला एक भाग.

उघडायचं मृगाच्या आधी. तेव्हासाठी सूचना इथंच लिहून ठेवतो, कारण त्या दिवशी नवी मुलं असतील : फरशी काढल्यावर लगेच कुणी आत उतरायचं नाही. बंद पेवात धान्याच्या श्वासानं हवा घातक होते, पूर्वी त्यात माणसं दगावली आहेत. तोंड उघडं ठेवून पेव दिवसभर मोकळं सोडायचं. मग दोरीला दिवा बांधून आत सोडायचा. दिवा विझला तर पुन्हा थांबायचं. विझला नाही तरी उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दोघं. आबा हजर असल्याशिवाय नाहीच.

भुंगा किती लागला, खालच्या थराला वास येतो का, आणि त्यातलं बी उगवतं का, हे तिन्ही लिहायचं.